लवकर झोपायला जाऊ नका

१९८७ साली आर्थर स्पीलमन या न्यूयॉर्कच्या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह निद्रानाशाच्या ३५ रुग्णांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. ही माणसं चार-आठ दिवसांची जागलेली नव्हती. सरासरी पंधरा वर्षं त्यांची झोप उडालेली होती. त्यांना स्पीलमनने जे करायला लावलं, ते ऐकून डॉक्टरचीच झोप झालेली नसावी असं कुणालाही वाटलं असतं. अंथरुणातला वेळ कमी करा, असं त्याचं म्हणणं होतं. झोप जेमतेम पाच-साडेपाच तास लागत असेल, तर अंथरुणातही तेवढेच तास राहायचं. आठ आठवड्यांत या मंडळींना झोप लवकर लागू लागली, मधलं जागणं घटलं, आणि पुढे कित्येक महिन्यांनी तपासलं तेव्हाही बरीचशी सुधारणा टिकून होती.

आपल्याकडे झोप न येणाऱ्याला मिळणारा सल्ला नेमका याच्या उलट असतो. ‘लवकर पडत जा.’ ‘झोप नाही आली तरी डोळे मिटून पडून राहा, तेवढाच आराम.’ ‘दुपारी तासभर टेक.’ ‘रविवारी भरून काढ.’ सल्ला देणारी आई असते, सासूबाई असतात, शेजारच्या काकू असतात. त्यात माया असते, यात शंका नाही. पण जुनाट निद्रानाश बहुतेक वेळा पोसला जातो तो याच मायेवर.

तो कसा, हे स्पीलमननेच मांडून ठेवलं आहे. निद्रानाशामागे तो तीन प्रकारची कारणं धरतो. काहींची प्रकृतीच सावध. खुट्ट झालं की जाग येणारी. त्यात काहीतरी निमित्त घडतं: परीक्षा, बाळंतपण, नोकरी जाणं, घरातलं आजारपण. इथवरची झोपमोड नैसर्गिकच म्हणायची, आणि निमित्त सरलं की बहुतेकांची झोप आपोआप परत येते. ज्यांची येत नाही त्यांच्याबाबतीत तिसरं कारण कामाला लागलेलं असतं. झोप मिळवण्यासाठी माणसाने मधल्या काळात जे जे उपाय केले, ते निमित्त संपल्यावरही चालूच राहतात आणि आता तेच झोपेला येऊ देत नाहीत.

आठवड्यातून किमान तीन रात्री आणि सलग तीन महिने, झोपायला पुरेसा वेळ व निवांतपणा असूनही झोप लागत नसेल किंवा टिकत नसेल, आणि त्यामुळे दिवस खराब जात असेल, तर वैद्यकशास्त्र त्याला जुनाट निद्रानाश म्हणतं. ‘वेळ असूनही’ हे यात महत्त्वाचं. पहाटे ५ची लोकल पकडायला ४ला उठणाऱ्या माणसाला निद्रानाश नसतो, त्याला झोपायला वेळच नसतो. त्याचा उपाय दवाखान्यात मिळणार नाही.

या उलट्या उपचाराचं गणित कळायला उदाहरणापुरत्या एक बाई घेऊ. वय बावन्न. सासूबाईंच्या आजारपणात त्यांनी दोन महिने रात्रीची जागरणं काढली. सासूबाई बऱ्या होऊन हिंडूफिरू लागल्या, सूनबाईंची झोप मात्र गेली ती गेलीच. आता त्या ओटा आवरून साडेनऊलाच अंथरुणात शिरतात, कारण ‘लवकर पडलं तर निदान बारापर्यंत तरी लागेल’. आणि खरोखरच बाराला लागते. तीनला जाग येते, साडेचारपर्यंत कूस बदलणं चालतं, मग डोळा लागतो तो साडेसहापर्यंत. म्हणजे अंथरुणात नऊ तास आणि झोप पाच तास. शंभर मिनिटांतली पंचावन्न-छप्पन्न मिनिटंच कामी लागली. तज्ज्ञ हा आकडा पंच्याऐंशीच्या आसपास असावा असं धरतात.

या बाई सीबीटी-आय, म्हणजे निद्रानाशासाठी विचार व सवयी बदलण्याच्या, उपचारासाठी गेल्या, तर पहिले दोन आठवडे त्यांना फक्त एक वही भरावी लागेल. किती वाजता आडव्या झालात, अंदाजे केव्हा लागली, किती वेळा जाग आली, केव्हा उठलात. घड्याळ न बघता, सकाळी उठल्यावर, अंदाजाने. त्यावरून सरासरी पाच तास निघाली की मग फर्मान निघतं: सकाळी सहाला उठायचं, रविवार असो की दिवाळी, आणि रात्री साडेबाराच्या आधी पाठ टेकायची नाही. पाच-साडेपाच तासांच्या खाली ही मुदत आणत नाहीत.

साडेबारापर्यंत करायचं काय, हा प्रश्न पहिल्या रात्रीच उभा राहतो. बैठकीच्या खोलीत मंद दिव्यात बसायचं. वाटाणे सोलावेत, कपड्यांच्या घड्या घालाव्यात, जुना दिवाळी अंक चाळावा. सोफ्यावर पेंगायचं मात्र नाही, आणि ‘जरा बघते’ म्हणून मोबाईलही हातात घ्यायचा नाही. पहिला आठवडा कठीण जातो, हे कुणी लपवून ठेवू नये. दिवसा डोळे चुरचुरतात, चिडचिड होते, दुपारच्या बैठकीत मान पडते. या दिवसांत लांबवर गाडी चालवणं टाळायचं. पण साचलेली पेंग रात्री कामी येते: साडेबाराला पाठ टेकली की झोप लागते आणि तीनची जाग विरळ होते. साडेपाचपैकी पाच तास झोप होऊ लागली की मुदत पंधरा मिनिटांनी वाढवायची, सव्वाबारा. मग पुन्हा आठवडाभर पाहायचं आणि पुन्हा पंधरा मिनिटं. असं करत करत बाई सव्वाअकराच्या आसपास येऊन थांबतील. नऊ तासांच्या लोळण्यापेक्षा त्यांना पावणेसात तासांच्या अंथरुणात जास्त झोप मिळालेली असेल.

हे का घडतं त्याचं उत्तर अलेक्झांडर बोर्बेली या झुरिकच्या शास्त्रज्ञाच्या १९८२च्या सिद्धांतात सापडतं. झोप दोन गोष्टींच्या मेळाने येते. पहिली, जागेपणी साचत जाणारी झोपेची ओढ. मेंदू काम करतो तसं त्यात ॲडिनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि झोपेत ते ओसरतं. दुसरी, शरीरातलं चोवीस तासांच्या आसपास चालणारं घड्याळ. ओढीचं वागणं भुकेसारखं असतं. दुपारभर बशीतलं फरसाण तोंडात टाकत राहिलं, तर रात्री ताटावर वासना राहत नाही. तसंच साडेसहापर्यंत लोळणं, दुपारची तासाभराची वामकुक्षी आणि टीव्हीसमोरच्या डुलक्या रात्रीच्या झोपेतून वजा होतात. पुण्याच्या दुकानांनी एक ते चारची प्रतिष्ठा कितीही वाढवून ठेवलेली असो, ज्याला रात्री झोप येत नाही त्याला वामकुक्षी परवडत नाही. ज्याला येते त्याने खुशाल घ्यावी.

चहा-कॉफीचा संबंध इथेच येतो. कॅफीन नवी ताकद देत नाही; ॲडिनोसिनने मेंदूत जिथे बसायचं त्या जागा ते अडवून ठेवतं. त्याचं निम्मं प्रमाण शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. सहाच्या चहातलं निम्मं कॅफीन अकरा वाजताही अंगात असतं. ‘मला चहाने काही होत नाही, पिऊन लगेच झोपतो’ असं छातीठोक सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांना झोप लागतेही, पण ती उथळ होते, याचा पत्ता झोपलेल्याला लागत नाही. दारूचा प्रकार याहून फसवा. ती डोळा लवकर मिटवते आणि उत्तररात्री झोपेचे तुकडे करते.

झोपेचा आणखी एक शत्रू म्हणजे खुद्द अंथरूण. बाहेर सोफ्यावर पेंगणारा माणूस आत जाऊन गादीवर पडताच टक्क जागा होतो, हा अनुभव निद्रानाशाच्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाला असतो. महिनोन्महिने त्या गादीवर हिशेब, भांडणं, उद्याची काळजी आणि छताकडे बघणं चाललेलं असतं; मेंदूने गादीचा अर्थच ‘जागं राहायची जागा’ असा लावून घेतलेला असतो. रिचर्ड बूटझिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली यावर जो उपाय सुचवला तो आजही जसाच्या तसा वापरतात. झोप येते आहे असं वाटलं तरच अंथरुणात जायचं. अंदाजे पंधरा-वीस मिनिटांत लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं, पेंग आली की परत यायचं, आणि लागेल तितक्या वेळा हे करायचं. जेवण, फोन, लॅपटॉप, अभ्यास यांतलं काहीही गादीवर नाही. एका खोलीच्या घरात दुसरी खोली आणायची कुठून, हा रास्त प्रश्न आहे. तिथे अंथरुणावरून उठून खुर्चीत किंवा भिंतीशी बसलं तरी चालतं. पडून राहायचं नाही, एवढंच पाळायचं.

आणि घड्याळ पाहायचं नाही. निकोल टँग आणि ॲलिसन हार्वी या मानसशास्त्रज्ञांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काहींना रात्री घड्याळावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं, काहींना नुसत्या आकड्यांच्या एका पाटीवर. घड्याळवाल्यांची काळजी वाढली आणि झोप लागायला त्यांना जास्त वेळ लागला. ‘तीन वाजले, आता झोपलो तरी तीनच तास’ हे मनातलं गणित झोपेला पळवून लावायला पुरेसं असतं. हल्ली हे काम झोप मोजणारं मनगटावरचं यंत्र करतं. आकडा ‘चांगला’ यावा म्हणून धडपडणारे आणि त्यापायी झोप घालवून बसणारे रुग्ण वाढत असल्याची नोंद अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१७ साली केली. व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनी याच्या उलट वाट दाखवली होती: झोपेच्या मागे न लागता मुद्दाम जागं राहायचा प्रयत्न करा. अंधारात, शांत पडून, डोळे उघडे ठेवून. धडपड थांबली की झोपेला वाट मिळते.

सगळ्यांचा प्रश्न मात्र हा नसतो. काहींना रात्री दोनपर्यंत झोप येतच नाही, पण एकदा लागली की सकाळी दहापर्यंत गाढ. सुट्टीत ही माणसं ताजीतवानी असतात. सात वाजता उठावं लागलं की दिवसभर मरगळ. यांची झोप बिघडलेली नसते, घड्याळ उशिरा लागलेलं असतं. एलियट वाइट्झमन आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली या प्रकाराचं पहिलं नीट वर्णन केलं. त्याआधी घराघरांत त्याला आळस म्हणत. अजूनही म्हणतात.

शरीरातलं घड्याळ कसं चालतं हे पेशींच्या पातळीवर उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबाश आणि मायकेल यंग यांना २०१७चं नोबेल मिळालं. हे घड्याळ किती हट्टी असतं ते मात्र १९३८मध्येच दिसलं होतं. शिकागो विद्यापीठाचे नॅथॅनिएल क्लाइटमन आपल्या ब्रूस रिचर्डसन या विद्यार्थ्याला घेऊन केंटकीच्या मॅमथ केव्ह या गुहेत ३२ दिवस राहिले. सूर्य नाही, थंडी बारा अंशांच्या आसपास, आणि दिवस ठरवून २८ तासांचा. तरुण रिचर्डसनचं शरीर त्या दिवसाला जुळलं; त्रेचाळीस वर्षांच्या क्लाइटमनचं शेवटपर्यंत जुन्याच वेळेला धरून राहिलं.  

हे घड्याळ हलतं ते प्रकाशाने. सकाळचा उजेड त्याला अलीकडे ओढतो, रात्रीचा उजेड पलीकडे ढकलतो. घरातल्या दिव्यांचा उजेड फार तर दोन-चारशे लक्स असतो आणि बाहेरचा ढगाळ दिवशीही त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे उठल्यावर अर्धा तास गच्चीत, अंगणात किंवा रस्त्यावर काढणं हे उशिरा झोप येणाऱ्यांसाठी खरं औषध आहे. खिडकीजवळ बसून पेपर वाचण्याने तेवढं साधत नाही. उठण्याची वेळ एकदम दोन तास अलीकडे न आणता दर दोन-तीन दिवसांनी पाव तासाने आणायची.

मुंबईकरांच्या बाबतीत भूगोलही थोडा आड येतो. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची आणि मुंबई जवळपास त्र्याहत्तरवर. म्हणजे मुंबईचा सूर्य घड्याळापेक्षा सरासरी ३९ मिनिटं मागे. १९५५पर्यंत शहरात ‘बॉम्बे टाइम’ याच फरकाने चालत होता. जानेवारीत मुंबईत सूर्य सातनंतर उगवतो, तेव्हा सातच्या शाळेची मुलं अंधारातच रिक्षात बसलेली असतात. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेचा मुद्दा काढल्यावर राज्याच्या शिक्षण विभागाने फेब्रुवारी २०२४मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश काढला. चांगलं झालं. पण ज्यांचं घड्याळ वयानुसार खरोखर उशिरा सरकतं ती मुलं आठवी ते बारावीतली असतात, आणि ती या आदेशात नाहीत.

काही माणसांची तक्रार वेगळीच: झोप लागते, आठ तास होते, तरी उठल्यावर अंग रगडून निघाल्यासारखं. उठल्यानंतर पंधरा-वीस मिनिटं, कधी अर्धा तास सुस्ती राहणं सगळ्यांनाच होतं, आणि दर दहा मिनिटांनी वाजणारा स्नूझ ती सुस्ती लांबवू शकतो. पण दिवसभर थकवा असेल, मोठ्याने घोरणं असेल, झोपेत श्वास अडकून गुदमरल्यासारखं होत असेल, रक्तदाब वाढलेला असेल, तर हा झोपेतल्या श्वासरोधाचा प्रकार असू शकतो. घसा आतून मिटतो, प्राणवायू खाली येतो, मेंदू दचकून जागा होतो, आणि रात्रभर हे चालून सकाळी त्यातलं काहीच आठवत नाही. सांगू शकते ती शेजारी झोपणारी व्यक्ती. यावर १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे दाबाने हवा देणारं सीपॅप यंत्र आणलं. अशा रुग्णाला झोपेची गोळी दिली तर श्वासाचा त्रास वाढू शकतो. घरात ‘गाढ झोप लागली आहे’ म्हणून ज्याचं कौतुक होतं, तो घोरणारा माणूस पुष्कळदा घरातला सर्वांत वाईट झोपलेला असतो. याखेरीज शरीरातलं लोह कमी असणं, त्यामुळे रात्री पाय हलवत राहावंसं वाटणं, थायरॉइड, नैराश्य, रजोनिवृत्तीतले गरम झोत, काही औषधं, हेही तपासून घ्यावं लागतं.

आता गोळी. ‘अर्धीच घेते, रोज नाही’ हे वाक्य कुठल्याही औषधाच्या दुकानात ऐकू येतं. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम ही औषधं भारतात ‘एच-१’ यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत आणि दुकानदाराला नोंद ठेवावी लागते. यादीतली कडकपणाची शाई सगळ्या दुकानांत सारखीच उमटते असं मात्र नाही. थोड्या दिवसांसाठी, संकटाच्या काळात, डॉक्टरांनी दिलेली गोळी उपयोगी पडते. महिने उलटले की मात्र तिचा परिणाम बोथट होतो, आणि म्हाताऱ्या माणसांत विसराळूपणा, तोल जाणं, रात्री पडून खुब्याचं हाड मोडणं हे धोके वाढतात. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ शार्ल मोरॅं यांनी १९९९ साली ७८ वयस्क रुग्णांवर गोळी आणि सवयी बदलण्याचा उपचार यांची तुलना केली. सुरुवातीला दोन्हींनी फायदा झाला. दोन वर्षांनी टिकला तो सवयींचा. २०१६ साली अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने जुनाट निद्रानाशाच्या प्रौढ रुग्णांना आधी सीबीटी-आय द्यावी, अशी शिफारस केली. बरीच वर्षं रोज घेतलेली गोळी मात्र हे वाचून एकदम बंद करू नये. झोप आणखी बिघडते, क्वचित फिट्सही येतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच उतरवायची असते.

जायफळ घातलेलं दूध, तळपायाला तूप, गरम पाण्याची अंघोळ, अंधारी खोली यांना नावं ठेवायचं कारण नाही. झोपायच्या तास-दीड तास आधी गरम पाण्याने अंघोळ केली की कातडीकडे रक्त येतं, शरीराचं आतलं तापमान उतरतं, आणि झोप थोडी लवकर लागते. हे तपासून पाहिलेलं आहे. पण जुन्या निद्रानाशाला असे घरगुती नियम एकटे पुरत नाहीत. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ साली हेच बजावलं: फक्त झोपेचे नियम सांगून रुग्णाला परत पाठवू नये. आपल्याकडे नेमकं तेवढंच सांगून पाठवतात, कारण ओपीडीत एका रुग्णाला पाच मिनिटं मिळतात आणि सीबीटी-आयला सहा-आठ बैठका लागतात. प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ मोठ्या शहरांपुरतेच, तेही थोडे.

तरी दोन गोष्टी कुठल्याही गावात करता येतात: रोज एकाच वेळी उठणं आणि वही भरणं. अंथरुणातला वेळ कमी करण्याचा प्रयोग मात्र फिट्सचा आजार, द्विध्रुवी मनोविकार, झोपेत चालण्याची सवय किंवा गरोदरपण असणाऱ्यांनी, आणि ट्रक-बस चालवणाऱ्यांनी किंवा यंत्रावर काम करणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. दवाखान्यात जाताना ‘झोप येत नाही, काहीतरी द्या’ एवढंच सांगण्याऐवजी दोन आठवड्यांची वही पुढे ठेवावी आणि घोरण्याबद्दल सांगायला शेजारी झोपणाऱ्यालाही सोबत न्यावं. झोप उडण्याबरोबर मन सतत खचलेलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर वहीची वाट पाहू नये: केंद्र सरकारची टेली मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतही बोलता येतं.